चार वाजता, खालच्या मजल्यावर

ह्यांची तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि घरात वर मी आणि खाली माझी नणंद अशा दोघीच उरलो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी चार वाजता खालच्या मजल्यावरून टीव्हीवरच्या त्या जुन्या खेळाची धून ऐकू आली. मी पुस्तक उघडं ठेवून पलंगावर पडले होते. धून संपली, टाळ्या झाल्या, कार्यक्रम चालवणाऱ्या गृहस्थाने काहीतरी विचारलं आणि नणंद हसली. मोकळं, पोटातून हसली.

एखादीला राग आला असता. भाऊ जाऊन पंधरवडा झाला नाही आणि ही हसते, असं तिने चार जणींना सांगितलं असतं. मला राग आला नाही. मला हेवा वाटला. खाली काहीतरी अजून चालू होतं, वर सगळं थांबलं होतं.

नणंद ह्यांच्याहून मोठी. मी त्यांना ताई म्हणते. त्यांच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत यजमान गेले आणि त्या आमच्याकडे आल्या. तेव्हा हे कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होते आणि आम्ही तिथल्या कॉलनीत क्वार्टरमध्ये राहत होतो. मी नागपुरात एका महाविद्यालयात मराठी शिकवायचे. सकाळच्या बसने जायचे, संध्याकाळी परतायचे, गच्चीवरचे कपडे झटकून त्यांवर बसलेली केंद्राच्या चिमण्यांची राख काढायचे आणि आतल्या खोलीत पेपर तपासायला किंवा वाचायला बसायचे. ताईंनी स्वयंपाकाचा भार कधी माझ्यावर पडू दिला नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, नशीब काढलंस, अशी नणंद कुणाला मिळते? मी हो म्हणायचे. ते खरंही होतं.

त्याच काळात आठवड्यातून एका संध्याकाळी तो खेळ लागायचा. खेळ साधाच. दोन स्पर्धक समोरासमोर उभे, त्यांना काही प्रश्न. जो जिंकेल त्याला एखादं बक्षीस, मिक्सर म्हणा, शिलाई मशीन म्हणा. मग त्याला विचारायचं, हे घेऊन घरी जाता, की हे सोडून पडद्यामागे जे असेल ते मागता? पडद्यामागे कधी स्कूटर असायची, कधी नुसती प्लॅस्टिकची बादली. खांद्यांत कापूस भरलेला कोट घातलेला तो गृहस्थ इतक्या गोड आवाजात विचारायचा, की चांगली शहाणी माणसं हातातला मिक्सर सोडून द्यायची.

हे सगळं मला दाराआडून ऐकून माहीत. मी तो खेळ पाहायला कधी बसले नाही. बहीणभाऊ बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसायचे, मध्ये मुरमुऱ्यांचं ताट, आणि पडद्यावरच्या माणसांना सल्ले द्यायचे. "सोड ना गा तो मिक्सर, काहून धरून बसला?" हा ह्यांचा आवाज. माझ्याशी हे कधी असं बोलले नाहीत. मी नागपूरच्याच एका मास्तरांच्या घरची, पुस्तकी बोलण्याची, आणि माझ्याशी बोलताना हे जणू इस्त्री केलेले शब्द वापरायचे. मला पाणी दे, मला उशीर होईल. दाराच्या पलीकडे गेले की मला-चं मले व्हायचं, खांदे सैल व्हायचे, आणि हसताना नाकातून एक घरघर निघायची. ती घरघर मी सगळ्या संसारात माझ्या बाजूला बसून ऐकली असेल तर फार थोड्या वेळा.

दोघं उमरेडच्या विणकराच्या घरातले. वडील मागावर बसायचे. घरात तिसरा माग घालायचं स्वप्न होतं ते झालं नाही, मग मुलगा शिकला आणि नोकरीला लागला. एवढंच मला ठाऊक. त्या घरात ही दोघं लहान असताना काय करत, काय खेळत, हे ह्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. माझ्याकडे वाचायला पुष्कळ होतं.

निवृत्तीनंतर आम्ही रिंग रोडच्या पलीकडे हे दुमजली घर बांधलं. ताईंचे गुडघे दुखायचे म्हणून त्या खाली, आम्ही वर. आणि मग एका वाहिनीने ते जुने खेळ पुन्हा दाखवायला घेतले, रोज दुपारी चार ते पाच. हे पावणेचारलाच उठायचे, तोंड धुवायचे, चष्मा पुसायचे आणि जिना उतरायचे. लग्नाला निघाल्यासारखे उतरायचे. सव्वापाचला वर आले की मी विचारायचे, काय झालं आज? म्हणायचे, काही नाही, मागचंच.

सबंध दुपारीतून माझ्या वाट्याला तेवढं यायचं. मागचंच.

एकदा मी जरा टोचून म्हटलं, कोण जिंकणार, पडद्यामागे काय आहे, सगळं पाठ आहे तुम्हाला, मग पाहता काय? त्यांनी माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. "हे तू कितव्यांदा वाचते आहेस?" मी पुस्तक मिटलं. पण मला खरं विचारायचं होतं ते वेगळंच होतं. ते पाहता काय, हा माझा प्रश्नच नव्हता. ते वर का पाहत नाही, हा होता. वरच्या बैठकीतही टीव्ही होता, चांगला मोठा.

ह्यांना दवाखान्यात नेलं ते परत आणलं नाही. त्यानंतरचे दिवस माणसांचे होते. कॉलनीतले जुने सोबती, माझ्या विद्यार्थिनी, शेजारपाजारचे, सगळे जिना चढून वर यायचे, माझ्याजवळ बसायचे, माझा हात हातात घ्यायचे. ताई खालून चहाचा ट्रे घेऊन गुडघे सांभाळत वर यायच्या, कप वाटायच्या, रिकामे कप घेऊन खाली जायच्या. मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. आपल्याकडे असंच चालतं.

आणि मग ती चार वाजताची धून सुरू झाली.

काही दिवस मी नुसती ऐकत राहिले. उन्हाळा लागत होता, खिडक्या उघड्या असायच्या. ताई नुसत्या हसायच्या नाहीत, बोलायच्या. "घे, आला तुहा." मग थोडं थांबून, "आता घाम पुसते पाहा." पुन्हा थांबून, "नाही ना गा, त्या बाईचा काय दोष?" मध्ये जेवढं थांबायच्या तेवढ्यात कोणीतरी उत्तर देत असल्यासारखं. माझ्या बैठकीत ह्यांचा हार घातलेला फोटो होता आणि मला त्या फोटोशी बोलता येत नव्हतं. प्रयत्न केला एकदोनदा. स्वतःचाच आवाज वर्गात शिकवल्यासारखा वाटला. आणि खाली रोज गप्पा रंगत होत्या. नवऱ्याचं बाहेर कुठे सूत असल्याचा संशय आलेल्या बाया कशा कान लावून बसतात, तशी मी खिडकीशी बसायचे. वय पाहता हे हास्यास्पद आहे, मला कळतं.

शेवटी एका दुपारी थर्मासमध्ये चहा भरला आणि चारच्या आधी खाली गेले.

ताई दिवाणावर बसल्या होत्या. समोर वर्तमानपत्र पसरून त्यावर भिवापुरी मिरच्यांचा ढीग, त्यांची देठं खुडणं चाललं होतं. टीव्हीसमोर ह्यांची वेताची खुर्ची, खुर्चीशेजारी स्टुलावर शेंगदाण्यांची वाटी. भरलेली. मी वाटीकडे पाहिलं तसं त्या म्हणाल्या की हात सवयीनं भरतो. मी खुर्चीत बसले.

"तिथं नको बसू वं. पाठ धरते त्या खुर्चीनं."

मी उठले आणि दिवाणाच्या टोकाला, मिरच्यांच्या पलीकडे बसले. मला दोन शिंका आल्या. धून वाजली.

एका बाजूला तपकिरी स्वेटर घातलेला, टक्कल पडू लागलेला माणूस उभा होता. दुसऱ्या बाजूला जांभळ्या साडीतली एक तरतरीत बाई. ताईंचा चेहरा उजळला. आज मामा हायेत, स्वेटरवाल्याकडे बोट करून म्हणाल्या, जसे काही मामा मिरच्या ओलांडून आत येणार होते. मामांनी नाव सांगितलं, टपाल खात्यात असल्याचं सांगितलं, आणि त्यांची मान लाजून थोडी वाकडी झाली. ती तशी होणार हे माहीत असल्यासारखी ताईंचीही मान वाकडी झाली. पहिला प्रश्न आला: कोणत्या ग्रहाभोवती कडी दिसतात?

"शनी," मी म्हटलं.

मला वाटलं होतं ताईंना बरं वाटेल. सोबत झाली असं वाटेल. ताईंनी हातातली मिरची खाली ठेवली, रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. मामा अजून विचारात होते.

"आमच्यात उत्तर सांगतलं का टीव्ही बंद," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. खेळात बाद झालेल्याला सांगावं तसं सांगितलं. मग त्यांनी मला नियम समजावले. खेळ सुरू झाला की एकेकाने एकेक माणूस घ्यायचा. तो आपला. तो बरोबर बोलो की चूक, त्याच्या बाजूने बोलायचं, त्याला धीर द्यायचा, दुसऱ्याच्या माणसाला टोमणे मारायचे. उत्तर माहीत असलं तरी त्या माणसाच्या आधी तोंडातून काढायचं नाही. पडद्यामागे बादली आहे हे माहीत असलं तरी पडदा सरकेपर्यंत स्कूटरची आशा धरायची. एकदा ह्यांच्याच तोंडून उत्तर निसटलं होतं, तेव्हा उरलेला सगळा वेळ दोघं बंद टीव्हीसमोर शेंगदाणे खात बसले होते. नियम म्हणजे नियम.

"आणि हे कोणाला घ्यायचे?" मी विचारलं.

"हरते त्याले. नेहमी."

ते लहानपणापासून तसंच होतं म्हणाल्या. वडील मागावर बसले की ही दोघं पोरं चरख्यावर, उभ्या दोऱ्यांतून इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यासाठी, सुताच्या कांड्या भरायची. भरलेल्या कांड्यांतून एकेक निवडायची, आणि वडिलांच्या हातात कोणाची कांडी आधी संपते ते पाहत बसायची. ज्याची उशिरा संपेल तो जिंकला. भाऊ मुद्दाम बारकी, अर्धवट भरलेली कांडी घ्यायचा. बहीण चिडवायची, तर म्हणायचा, तिच्या बाजूनं कोणी नाही म्हणून घेतो. एवढं बोलून ताई पुन्हा देठं खुडू लागल्या.

मी इतकी वर्षं त्या माणसाशेजारी झोपले आणि ही अर्धवट भरलेली कांडी मला मिरच्यांच्या ढिगापलीकडून मिळाली. घशाशी आलं ते रडू होतं की मत्सर, मला सांगता येणार नाही. बहुतेक मत्सरच. रडू असं गरम नसतं.

कूलर घरघरत होता. मी म्हटलं, "ताई, मला ह्यांची बाजू घेऊ द्या. मी रोज चारला येईन. हे ज्याला घ्यायचे त्याला मी घेत जाईन. तुम्हाला जोडी होईल."

त्यांनी एका मिरचीचं देठ खुडलं, मग दुसरीचं. मला वाटलं, हो म्हणतील. त्यांनी आजवर मला कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं.

"सारं तुह्याकडं आलं वं," त्या म्हणाल्या. "फोटो वर हाये. भेटाले आले ते वर गेले. माणसं गेटातून आली, माह्या दारावरून गेली, वर तुह्याजवळ बसून रडली. मले एकानं नाही म्हटलं का बाई, तुमचा भाऊ गेला. मी चहा वाटत होती. हा एक तास राहू दे माहा."

मी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. आम्ही तो प्यायलो. मी वर आले.

ताईंना माझा हेवा वाटत असेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी नेहमी दाराच्या आतल्या बाजूने ऐकणारी. बाहेर बसलेल्या माणसाला आतलं काय हवं असेल याचा विचार करायला मला फुरसत नव्हती. आता तो विचार आला आणि प्रथम मला काय वाटलं म्हणाल, तर बरं वाटलं. आपल्याकडेही असं काही होतं की ज्यावर कोणी डोळा ठेवावा. मग जिना संपेपर्यंत ते बरं वाटणं ओसरलं. माझ्याकडे असलेल्या गोष्टी, फोटो आणि भेटायला आलेली माणसं, मी त्यांना सहज देऊन टाकल्या असत्या. त्यांच्याकडची मला मिळणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला मी वरच्या बैठकीतला टीव्ही लावला. वाहिनी शोधायला वेळ लागला. आवाज अगदी कमी ठेवला, चोरून पाहिल्यासारखा. चार वाजले, धून लागली.

आणि माझ्या लक्षात आलं की मला हरणाऱ्याची बाजू घेताच येत नाही. हरणार कोण ते मला माहीत नव्हतं. मी तो खेळ पूर्वी एकदाही पाहिला नव्हता. मामांचं पुढे काय झालं तेही मला ठाऊक नव्हतं. पडद्यावर एक शर्टाची कॉलर विरलेला तरुण होता आणि एक बाई, हातातला रुमाल चुरगाळणारी. मी ह्यांच्या डोळ्यांनी पाहायचा प्रयत्न केला. हे कोणाला घेतील? रुमालवालीने रुमालाला गाठ मारली. मी रुमालवालीला घेतलं.

घरात दोन जोडण्या आहेत, खाली केबलची, वर छत्रीची. त्यातून चित्र एकाच वेळी येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. खालचं क्षणभर आधी येतं, वरचं मागाहून. त्यामुळे माझ्या रुमालवालीने उत्तर द्यायच्या आधीच खिडकीतून ताईंचं "वा" वर आलं, आणि तरुणाने तोंड उघडायच्या आधी "अरे देवा" आलं. प्रत्येक गोष्ट ताईंना आधी मिळत होती आणि त्यांच्याकडून उष्टी होऊन माझ्याकडे येत होती. मी खिडकी लावली. खोली तापली. पुन्हा उघडली. रुमालवाली जिंकली, शिलाई मशीन सोडून पडदा मागितला, आणि खालून ताईंच्या टाळ्या आल्या तेव्हा माझा पडदा अजून हललाही नव्हता. मागून हळूच स्कूटर निघाली.

सकाळी नळाला पाणी आलं तेव्हा आम्ही दोघी अंगणात भेटलो. ताईंनी बादली नळाखाली लावली आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, काल वर टीव्ही लागला होता का. मी हो म्हटलं.

"कोणाले घेतलं?"

"रुमालवालीला."

त्या हसल्या. "ते तं जिंकते."

"मला माहीत नव्हतं. मी कधी पाहिलंच नाही, ताई."

"कधीच नाही? तिकडं कॉलनीत असतानाही?"

"मी आतल्या खोलीत असायचे."

बादली भरून वाहू लागली तरी त्यांनी ती हलवली नाही. मामांनी पडद्यामागचं मागितलं तेव्हा काय निघालं तेही माहीत नाही का, विचारलं. मी नाही म्हटलं. जुळ्या भावांचा भाग? नाही. तो गाणारा शिंपी? नाही. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या नजरेत कीव असती तर मला ओळखू आली असती; गेले काही आठवडे मी तीच पाहत होते. ही वेगळी होती. ही मी आरशात पाहिलेली होती.

"म्हणजे तुले सारं पाहाचंच हाये अजून," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा पाहणार तू. मले वाटते, डोकं पुसून टाकावं अन् एकदा तरी मामाले पहिल्यांदा पाहावं. भाऊ अन् मी नेहमी म्हणत होतो."

मी संधी साधली. म्हटलं, आज कोण लागणार आहेत आणि त्यातला ह्यांचा कोणता, एवढंच सांगा. बाकी काही नको.

ताईंनी बादली उचलली. "सांगतलं का टीव्ही बंद," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या दिवशी चार वाजता मी खिडकी उघडी ठेवून, आवाजही न चोरता टीव्ही लावला. खालून धून आली, क्षणभराने माझी धून आली. दोन माणसं पुढे आली. एक सुटाबुटातला, केसांचा भांग अगदी रेघ मारल्यासारखा. दुसरा जाड भिंगाचा चष्मा घातलेला, पाटी-खडू हातात नाही एवढंच, नाहीतर मास्तरच. मी कानोसा घेतला. खाली काहीच आवाज नव्हता. "घे, आला तुहा" नाही, काही नाही. पहिल्या प्रश्नाला नाही, दुसऱ्याला नाही. मला वाटलं ताई उठून गेल्या असतील. मग पडद्यावर सुटाबुटातला काहीतरी बरळला आणि सगळे हसले, मलाही हसू आलं, आणि मी हसून झाल्यावर ताई खाली हसल्या.

त्या थांबल्या होत्या. वरचं चित्र पोचेपर्यंत त्यांनी हसू तोंडात धरून ठेवलं होतं.

मी चष्मेवाल्याला घेतलं. उघड घेतलं, मोठ्यानं बोलून. काहून घाबरून राहिला, असं त्याला म्हटलं. ते शब्द माझ्या तोंडात नीट बसले नाहीत आणि खाली ताईंनी ऐकले असणार. तो शेवटच्या प्रश्नाला अडखळला आणि हरला. कोणी त्याचा हात हातात घेतला नाही, तो कॅमेऱ्याबाहेर चालत गेला आणि त्याचं पुढे काय झालं ते दाखवलं नाही.

हे त्यालाच घेत असणार, मला वाटतं. कॉलनीतल्या सतरंजीवर बसून, मुरमुरे चघळत, त्यालाच धीर देत असणार. जिना उतरून विचारावं असं फार वाटलं. पण ताई सांगणार नाहीत. त्यांना ते माहीत आहे, आणि मला फक्त वाटतं.